सोन्याचे कण, लेसर आणि सोळा माणसं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी तुम्हाला कुठल्याही नव्या शोधाची बातमी देणार नाही. त्या बातम्या माझ्याआधीच तुमच्या फोनवर पोचतात, सुप्रभातच्या फुलांच्या पाठोपाठ. 'सोन्याचे कण कॅन्सर जाळणार', 'आता प्रकाशाने कॅन्सरवर मात' असा एखादा निरोप तुमच्यापैकी बहुतेकांना आलाच असेल. आपण त्यावर हसू शकतो, पण मला हसावंसं वाटत नाही. कारण असा निरोप सहसा कुणीतरी कुणासाठी तरी पाठवलेला असतो. घरात एक आजारी माणूस असतं, रिपोर्टची फाईल असते, आणि रात्री झोप येत नाही म्हणून कुणी भाचा किंवा सून फोनवर शोधत बसलेली असते.

म्हणून आज आपण एक वेगळं काम करू. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या नॅनोकणांविषयीचे दोन शोधनिबंध वाचू. नाटकाची किंवा कादंबरीची समीक्षा करतो ना, तसे. शोधनिबंधालाही लेखक असतात, त्याची एक भाषा असते, काही गोष्टी तो ठासून सांगतो आणि काही गोष्टी त्याच्या रचनेतच राहून जातात. यातला पहिला निबंध २००३ सालचा, दुसरा २०१९ सालचा. दोन्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एकाच नियतकालिकात आले. पहिल्यात उंदीर आहेत, दुसऱ्यात सोळा माणसं. मधल्या सोळा वर्षांत काय झालं आणि काय झालं नाही, हा आजचा विषय.

पण त्याआधी थोडं प्रकाशाबद्दल. खिशातला मोबाईल काढा, टॉर्च लावा आणि तळहाताखाली धरा. काय दिसतं? हात लाल दिसतो. पांढऱ्या प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनने खाऊन टाकला, लाल तेवढा पलीकडे आला. आता नीट बघा, बोटातलं हाड दिसतंय का? नाही दिसत. हाड आहे तिथेच आहे. पण प्रकाश सरळ येत नाही, धुक्यात गाडीचा दिवा पसरावा तसा तो मांसात पसरतो. तर या साध्या प्रयोगात दोन गोष्टी कळल्या. एक, लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शरीरात त्यातल्या त्यात आत जातो. दोन, तो आत गेला तरी विस्कटतो आणि दर काही मिलिमीटरला कमी कमी होत जातो.

साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर एवढ्या तरंगलांबीच्या पट्ट्याला या विषयातली माणसं 'खिडकी' म्हणतात. त्याच्या खाली रक्त प्रकाश शोषतं, वर गेलं की पाणी शोषायला लागतं. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला जो ऑक्सिमीटर लावला, तो याच खिडकीतून बघतो. खिडकी हा शब्द मात्र जरा फसवा आहे. खिडकी म्हटलं की आरपार दिसेल असं वाटतं. ही दुधी काचेची खिडकी आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता सोनं. सोन्याचा दागिना पिवळा. पण सोन्याचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतील तर ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली हे बारकाईने तपासलं होतं. या लहान कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विशिष्ट रंगाबरोबर एकत्र झुलतात आणि तो रंग जोरात शोषतात. साधा गोल कण हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून लाल दिसतो. पण हिरवा प्रकाश तर शरीरात जातच नाही! मग कणाचा आकार बदलायचा. सळईसारखा करा, पोकळ करा, चपटा त्रिकोण करा, की त्याचं शोषण सरकत सरकत त्या दुधी खिडकीत येतं. यातलं एक काम आपल्या पुण्यातलं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण बनवले आणि ते अवरक्त प्रकाश चांगला शोषतात असं दाखवलं. २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं. जो गवती चहा आपण आल्याबरोबर उकळतो, तोच.

प्रकाश शोषल्यावर कण काय करतो? त्याच्या जातीप्रमाणे चार गोष्टी होऊ शकतात. तो तापतो, आणि शेजारच्या पेशी भाजतो. किंवा तो चमकतो, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो, आणि डॉक्टरला जागा दिसते. किंवा तो शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतो आणि तो ऑक्सिजन पेशी मारतो. किंवा प्रकाशाचा अगदी छोटा स्पंद आला की तो क्षणभर तापून फुगतो आणि आवाज करतो, जो सोनोग्राफीसारख्या यंत्राने ऐकता येतो. प्रकाशाने आवाज होतो हे ग्रॅहॅम बेलने, टेलिफोनवाल्या बेलने, १८८० मध्येच पाहिलं होतं. म्हणजे एकाच वस्तूने शोधायचंही आणि मारायचंही, असं हे स्वप्न. स्वप्न चांगलं आहे. आता निबंध उघडू.

पहिला निबंध, २००३. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाचा. त्यांनी कण बनवले ते असे: आत काचेच्या जातीचा सिलिकाचा गोळा आणि वर सोन्याचं पातळ कवच. बोरावर वर्ख चढवावा तसं. कवच किती जाड, गोळा केवढा, यावर तो कोणता प्रकाश शोषणार हे ठरवता येतं. रेडिओची सुई फिरवावी तसं ठरवता येतं, आणि ती या शोधाची खरी देखणी बाजू आहे.

उंदरांमध्ये गाठी वाढवल्या. गाठीत कण सोडले. ८२० नॅनोमीटरच्या लेसरचा झोत टाकला. चार ते सहा मिनिटांत गाठीचं तापमान सरासरी ३७ अंशांच्या वर वाढलं. वाढलं, बरं का. तापमान ३७ झालं नाही, मूळच्या वर ३७ची भर पडली. अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला पुरेल एवढं. आणि ज्या उंदरांना कण न देता फक्त लेसर दिला, त्यांच्यात वाढ दहा अंशांहून कमी. हे सगळं एमआरआयमध्ये मोजलं, म्हणजे सुई न टोचता आतलं तापमान बघितलं.

निबंध म्हणून हा फार स्वच्छ आहे. एक दावा, एक तुलना, एक मोजमाप. कणासकट काय होतं आणि कणाशिवाय काय होतं, हे शेजारी शेजारी ठेवलंय. ही तुलना लक्षात ठेवा, मला शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

पण आता समीक्षकाच्या नजरेने वाचू. कण गाठीत कसे गेले? सुईने. थेट गाठीत टोचून. म्हणजे 'कण गाठ शोधून काढतो' हा भाग या प्रयोगात नव्हताच, गाठ माणसाने शोधली. पुढच्याच वर्षी त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी शिरेतून कण देऊन दाखवले आणि उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या, नव्वद दिवसांनंतरही परत आल्या नाहीत. फारच छान. पण त्या गाठी काही मिलिमीटरच्या, कातडीच्या लगेच खाली. लेसरला आत जायला अंतरच नाही. अख्खा उंदीर केवढा? माझ्या मुठीत मावेल. उंदराच्या कातडीखालची गाठ म्हणजे अंगणातली विहीर. पाणी लागलं म्हणून आपण आनंदलो, पण गावाची तहान डोंगरापलीकडची आहे.

हा दोष त्या एका निबंधाचा नाही, म्हणून मी तो त्यांच्या माथी मारणार नाही. पहिला प्रयोग तसाच असतो. दोष आहे तो नंतरच्या वीस वर्षांच्या सवयीचा. नवा कण, नवा आकार, नवं वेष्टण, आणि तोच उंदीर, तीच मांडीवरची गाठ, तोच शेवटचा परिच्छेद: 'यातून कॅन्सरच्या उपचाराची मोठी शक्यता दिसते.' कवितेत एकच प्रतिमा प्रत्येक कवी वापरायला लागला की आपण म्हणतो ना, ही आता झिजली. तसंच आहे हे. ती प्रतिमा वापरणं सोपं आहे म्हणून ती वापरली जाते, आणि जे मोजायला सोपं तेच पुन्हा पुन्हा मोजलं जातं.

आता दुसरा निबंध, २०१९. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने. हालास आणि वेस्ट याही लेखकांत आहेत. या दोघींनी या कणांसाठी कंपनी काढलेली होती. यात गैर काही नाही, औषध बाजारात यायला कुणीतरी पैसा उभा करावाच लागतो. वाचताना ध्यानात ठेवायचं, एवढंच.

सोळा पुरुष. प्रोस्टेटचा कॅन्सर, पण कमी किंवा मध्यम धोक्याचा, ग्रंथीच्या आतच असलेला. आदल्या दिवशी शिरेतून कण दिले. कण सुमारे १५० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाचशेवा भाग. दुसऱ्या दिवशी लेसर. पंधरा जणांमध्ये प्रक्रिया ठरल्याप्रमाणे साधली, एकात नाही. तीन महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी पुन्हा बायोप्सी. लघवीच्या त्रासाचे आणि लैंगिक क्षमतेचे गुण आधी आणि नंतर मोजले, त्यात लक्षणीय फरक पडला नाही. गंभीर गुंतागुंत नाही.

हे शेवटचं वाक्य घाईत वाचू नका, कारण खरा प्रश्न तिथे आहे. प्रोस्टेटचा असा लवकर सापडलेला कॅन्सर बऱ्याचदा अगदी सावकाश वाढतो. ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. सोळाशेहून जास्त पुरुष. काहींची शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त नियमित लक्ष. दहा वर्षांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत साधारण एक टक्का. म्हणजे या रुग्णांच्या बाबतीत झुंज जीव वाचवण्याची कमी आणि पुढचं जगणं कसं जाणार याची जास्त असते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा न राहणं, नपुंसकत्व. आपल्याकडे याविषयी पुरुष डॉक्टरशी बोलत नाहीत, बायकोशी बोलत नाहीत, नुसते प्रवासाला जायचं बंद करतात. तेव्हा 'ग्रंथी ठेवून फक्त गाठ जाळू' हा या निबंधाचा हेतू अगदी योग्य आहे. हा निबंध 'कॅन्सरवर मात' म्हणत नाही. तो म्हणतो: हे करता येतं आणि आतापर्यंत सुरक्षित दिसतं. बातमी जे बोलली ते निबंध बोललेला नाही. मूळ लेखक मथळा लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी विनम्र आहेत.

आता प्रश्न विचारू. प्रकाश आत कसा पोचला? प्रोस्टेट ओटीपोटाच्या तळाशी, खोल. बाहेरून झोत टाकून काही होणार नाही. म्हणून त्यांनी प्रकाश वाहून नेणारी तार, ऑप्टिकल फायबर, सुईच्या वाटेने थेट ग्रंथीत घातली. म्हणजे खोलीचा प्रश्न कणाने सोडवला नाही, फायबरने सोडवला. गाठ कुठे आहे हे कोणी दाखवलं? एमआरआय आणि सोनोग्राफी यांची चित्रं एकमेकांवर बसवून दाखवलं. म्हणजे शोधायचं कामही कणाने केलं नाही. 'एकाच कणाने शोधायचं आणि मारायचं' या स्वप्नातला शोधण्याचा भाग माणसाच्या शरीरात आल्यावर एमआरआयने केला, मारण्याचा अर्धा भाग फायबरने. कणाच्या वाट्याला काय उरलं? उष्णता नेमकी कुठे शोषली जावी हे ठरवणं. लेसरची ताकद एवढी बेताची ठेवायची की जिथे कण नाहीत तिथली ऊती वाचावी आणि जिथे कण साठलेत तिथली भाजावी. हे काम लहान नाही. मज्जातंतू आणि गाठ यांच्यात दोन मिलिमीटर असतील तर त्या दोन मिलिमीटरवर त्या माणसाचं पुढचं आयुष्य ठरू शकतं.

पण मग तिसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते हाच या सगळ्या क्षेत्राचा प्रश्न आहे. कण नसते तर काय झालं असतं? कणांशिवाय, नुसत्या फायबर आणि लेसरने प्रोस्टेटमधली गाठ जाळण्याचे प्रयत्न वेगळे झालेलेच आहेत. मग या पंधरा जणांमध्ये जे साधलं त्यात कणाचा वाटा किती आणि लेसरचा किती? या निबंधात तुलनेचा गट नाही. सोळाच्या सोळा जणांना कण दिले. २००३ साली उंदरांच्या बाबतीत आपण कणासकट आणि कणाशिवाय असं शेजारी ठेवून पाहिलं होतं. माणसांपाशी आलो आणि ती तुलना सुटली.

याचं समर्थन करता येतं. पहिल्या टप्प्याच्या छोट्या चाचणीत तुलनेचा गट सहसा नसतो, आधी सुरक्षितता पाहतात. मान्य. पण मग वाचणाऱ्याने त्यातून परिणामकारकता काढू नये, आणि लिहिणाऱ्याने तसं सुचवणारी भाषा वापरू नये. निबंधाने पाळलेली ही मर्यादा त्यानंतर त्याचा दाखला देणाऱ्या कित्येक लेखांनी पाळलेली दिसत नाही. 'माणसांमध्ये यशस्वी' एवढं वाक्य उचलायचं आणि पुढे जायचं.

आता 'पोचणं' या शब्दाकडे येऊ. या विषयात सर्वांत जास्त वापरलेला आणि सर्वांत कमी तपासलेला शब्द म्हणजे 'लक्ष्यवेधी'. कण गाठीवर नेमका जाऊन बसतो, असं आपल्या मनात चित्र उभं राहतं. अर्जुन आणि पोपटाचा डोळा. १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साठतात. म्हणजे मुळात हे वेध घेणं नाहीच, हे गळतीच्या जागी साचणं आहे. आणि किती साचतं? २०१६ साली टोरोंटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्रसिद्ध प्रयोग गोळा करून हिशेब मांडला. दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेले: मध्यक मूल्य ०.७ टक्के. एक टक्कासुद्धा नाही. या मोजण्याच्या पद्धतीवर काहींनी आक्षेप घेतले, औषधशास्त्रात हे वेगळ्या रीतीने मोजतात असं म्हटलं. वाद आहे. पण समजा आकडा याच्या कित्येक पट धरला, तरी बहुतांश कण गाठीबाहेरच जातात, हे चित्र बदलत नाही.

बाकीचे जातात कुठे? मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत. मूत्रपिंडाची चाळण फार बारीक असते. २००७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या आतले कण लघवीवाटे बाहेर पडतात असं दिसलं. १५० नॅनोमीटरचा कण त्या चाळणीतून जाणार नाही. सोनं तसं निरुपद्रवी, पण ते वर्षानुवर्षं यकृतात बसून राहणार असेल तर पंचावन्न वर्षांच्या माणसाला ते सांगायला हवं. क्वांटम डॉट्स, ज्यांच्यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते चमकतात फार सुंदर, पण त्यांच्यातल्या बऱ्याच प्रकारांत कॅडमियम असतं. टीव्हीच्या पडद्यात ते ठीक आहे, रक्तात नाही. न्यूयॉर्कमध्ये सहा-सात नॅनोमीटरचे सिलिकाचे चमकणारे कण पाच रुग्णांना देऊन पाहिले, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडले. तर असा पेच आहे: लहान कण शरीराबाहेर जातो पण उष्णतेच्या कामाला तेवढा उपयोगी नाही, आणि उष्णतेच्या कामाचा मोठा कण आत राहतो.

इथे मला मुंबईतल्या एका कामाचा मान ठेवायचाय. आयआयटी मुंबई आणि खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलची संशोधन संस्था, यांनी २०१५ साली लायपोसोमवर, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशवीवर, सोनं चढवलेले कण उंदरांत वापरले. कल्पना अशी की कण काम होईपर्यंत मोठा असावा आणि मग यकृतात फुटावा. त्यांनी तो यकृताच्या पेशींत विघटित होऊन पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर जातो असं दाखवलं. हा त्या पेचाचा नीट विचार केलेला प्रयत्न आहे. त्याचबरोबर त्यांचीही गाठ उंदरातलीच, आणि पूर्ण नाहीशी झाली. अंगणातली विहीर इथेही आहेच. आपला निबंध आहे म्हणून तो प्रश्न आपण गिळायचा नाही.

मग यश कसं दिसतं? एक उदाहरण देते, आणि गंमत म्हणजे त्यात नॅनोकण नाही. मेंदूतल्या ग्लायोमाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ५-एएलए नावाचं औषध पाण्यातून पाजतात. गाठीच्या पेशी स्वतःच त्यातून एक रंगद्रव्य बनवतात. कवटी उघडल्यावर निळा प्रकाश टाकला की गाठ लालसर गुलाबी चमकते आणि मेंदू निळाच राहतो. पोचायचा प्रश्न पेशीच्या रसायनाने सोडवला, प्रकाशाच्या खोलीचा प्रश्न सर्जनने कवटी उघडून सोडवला. आणि तुलना? जर्मनीत चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, २००६ साली निष्कर्ष आले. या प्रकाशाखाली ऑपरेशन केलेल्या ६५ टक्के रुग्णांत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली होती, नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्क्यांत. एकूण आयुष्यात मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं. औषध, त्याच्याशिवायचा गट, आणि न आवडणारा निष्कर्षही छापलेला. मला निबंध असा हवा.

आवाजवाल्या पद्धतीचंही तेच. प्रकाश आत पाठवायचा आणि आवाज बाहेर ऐकायचा, ही युक्ती नामी आहे, कारण आवाज मांसात प्रकाशाइतका विस्कटत नाही. काही सेंटिमीटर खोलवरचं चित्र मिळतं. पण तिथे आपलं हिमोग्लोबिनच प्रकाश शोषून आवाज करतं, रक्तवाहिन्या त्यावर दिसतात. मग बाहेरचा कण घातल्याने आणखी काय दिसलं? ते दाखवलं असेल तर कण ठेवा, नसेल तर रक्तावरच भागवा.

म्हणून फोनवरचा पुढचा निरोप आला की तीन गोष्टी विचारा. कण गाठीत कसा पोचला, शिरेतून की सुईने? प्रकाश किती खोल जायचा होता? आणि कणाशिवायचा गट कुठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक निबंध काहीतरी उत्तर देतात. तिसऱ्यापाशी शांतता होते. या क्षेत्राविषयी मला आशा नाही असं समजू नका. कण तापतो, नक्की तापतो, ते भौतिकशास्त्र पक्कं आहे. माझं म्हणणं एवढंच, की जो न्याय उंदरांना दिला तोच माणसांनाही द्या.

प्रश्न असतील तर दोन-तीन घेऊ.

श्रोता: मॅडम, माझ्या काकांना प्रोस्टेटचं निदान झालंय. हा सोन्याच्या कणांचा उपचार कुठे मिळेल?

उत्तर: हा उपचार चाचणीच्या टप्प्यावरचा आहे, नेहमीच्या उपचारांच्या यादीत नाही. तेव्हा कुणी पैसे घेऊन 'देतो' म्हणत असेल तर उठून या. काकांच्या डॉक्टरांना मात्र दोन प्रश्न जरूर विचारा. धोका कमी आहे, मध्यम आहे की जास्त? आणि लगेच काही न करता नियमित लक्ष ठेवणं त्यांच्या बाबतीत चालेल का? जास्त धोक्याचा असेल तर वेळ घालवू नका. कमी धोक्याचा असेल तर घाबरून घाई करू नका. आणि काकांसमोर विचारा, त्यांच्या पाठीमागे नको. शरीर त्यांचं आहे.

श्रोता: आपल्याकडे सुवर्णभस्म होतंच की. त्यातही नॅनोकण असतात असं सिद्ध झालंय म्हणतात.

उत्तर: सुवर्णभस्मात सोन्याचे अतिसूक्ष्म कण सापडतात, हे खरं आहे. पण आजच्या विषयात कणाच्या लहानपणाला तेवढं महत्त्व नाही. कवचाची जाडी मोजून ठरवलेली, त्यानुसार शोषला जाणारा रंग ठरवलेला, त्याच रंगाचा लेसर, आणि तो गाठीपर्यंत नेणारी तार, हे सगळं मिळून हा उपचार होतो. भस्मावर कुणी लेसर टाकत नाही. ते औषध म्हणून काय करतं हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्यालाही मी तोच तिसरा प्रश्न विचारीन: भस्माशिवायचा गट कुठे आहे?